पिंपावरचं उलटं नाव

स्टीलला भोक पाडायला ड्रिल मशीन लागतं, हा एक गैरसमज आहे. मी ते आर्गन वेल्डिंगने पाडू शकतो. लहान, मोठं, गोल, वेडंवाकडं, हवं तसं! फक्त जिथे नको असेल तिथेच पडेल, एवढी एक अट आहे.

ही विद्या मी निवृत्तीनंतर मिळवली. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली आणि घरी बसल्यावर तिसऱ्याच दिवशी लक्षात आलं, की आता ना काही येत होतं ना काही जात होतं. हातांनी काहीतरी करावं असं फार वाटायला लागलं. नेमकं त्याच सुमारास आमचं पिंप गळायला लागलं.

आता हे पिंप म्हणजे साधं पिंप नव्हे. नाशिक रोडला आम्ही घर बांधलं, तेव्हा माझ्या सासूबाईंनी ते लासलगावहून एसटीतून मांडीवर घेऊन आणलं होतं. (कंडक्टर पिंपाचं वेगळं तिकीट काढा म्हणत होता. सासूबाई त्याच्याशी निफाडपर्यंत बोलल्या. निफाडनंतर तो त्या बाजूला फिरकलाच नाही.) नळाच्या जरा वर मशीनने ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं: 'सौ. सुमन हिस आईकडून'. आणि सोबत एक हुकूम होता. आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, पाऊस लागेपर्यंत पिंप फाटकाबाहेर ठेवायचं, येणाऱ्याजाणाऱ्याने पाणी प्यायचं. सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, तो हुकूम एकही उन्हाळा मोडला नाही.

गेल्या दिवाळीनंतर सासूबाई गेल्या. आणि यंदा माळ्यावरून पिंप काढून भरलं, तर नळाच्या वर केसाएवढी चीर! त्यातून पाणी हळूहळू खाली येत होतं.

भांडीवाला म्हणाला, "वहिनी, मोडीत घाला, नवं घेऊन जा." सुमन त्या दिवसापासून त्याच्याशी बोलत नाही.

"आईची ही पहिलीच आखाजी आहे," ती मला म्हणाली. "त्या दिवशी तिच्या नावानं पाणी भरायचं ते ह्याच पिंपात. सिन्नर फाट्याच्या सलीमभाईंकडे नेऊन द्या."

"नेऊन कशाला द्यायचं? मीच करतो! शिकतो आणि करतो. महिना आहे अजून."

"अहो, तुम्हाला कुकरची रिंग बसवता येत नाही."

"रिंग रबराची असते. माझा हात स्टीलवर चालेल," मी म्हणालो. हे वाक्य मला पुढे बऱ्याचदा ऐकवलं गेलं.

सलीमभाई मूळचे मालेगावचे. हॉटेलांची ओटे-टेबलं, दुधाच्या टाक्या, असली पातळ स्टीलची नाजूक कामं करणारा माणूस. त्यांची शिलाई बघितली की वाटायचं, हे वेल्डिंग नसून कुणी बारीक टीप घातली आहे. पिंप त्यांच्यासमोर ठेवून मी शिकायला आलोय म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काका, लय पेशन्स लागतो हां याला. एका हातात टॉर्च, म्हणजे ही वेल्डिंगची दांडी, दुसऱ्या हातात तार. टॉर्चच्या तोंडात ही सुई. सुई स्टीलच्या जवळ न्यायची, पण टेकवायची नाय. टेकली की खराब. मग घासून परत टोक काढायचं."

पहिल्या दिवशी माझी सुई एकोणीस वेळा टेकली. मी टेबलाजवळ कमी आणि ग्राइंडरजवळ जास्त दिसायचो. (कचेरीतही मी दिवसभर पेन्सिलींना टोकंच काढायचो, त्यामुळे हे काम मात्र मला झकास जमलं.) दुसऱ्या आठवड्यात सुई टेकायची थांबली, तर तार टेकायला लागली. तिसऱ्या आठवड्यात एकदाची एक इंच शिलाई आली. पण काळी, खरबरीत, करपलेल्या भाकरीसारखी!

"गॅस कुठं चाललाय?" सलीमभाई पुटपुटले, आणि वळून ओरडले, "काका! हा पंखा कुणी लावला?"

"मी. उकडत होतं."

"अहो, आर्गन गॅस त्या वितळलेल्या स्टीलला हवेपासून झाकतो, आणि तुम्ही पंख्यानं त्यालाच उडवताय! घाम येऊ द्या. घामानं स्टील नाय बिघडत."

पंखा बंद केल्यावर खरोखरच चकचकीत शिलाई आली. मला आभाळ ठेंगणं झालं. त्याच उत्साहात मी घरच्या झाऱ्याची तुटलेली दांडी जोडली आणि सुमनला भेट दिली. दुसऱ्या दिवशी भजी तळताना दांडी तिच्या हातात राहिली आणि झारा कढईत गेला. तिने चिमट्याने झारा काढला आणि त्याच चिमट्याने सगळी भजी तळली.

आखाजीला चार दिवस राहिले. शुक्रवार होता. सलीमभाईंनी सकाळभर एका फाटकाचे जाड पाइप जोडले आणि दुपारी नमाजला निघाले. जाताना सांगून गेले, "काका, पट्टीवर सराव करा. पिंपाला हात नाय लावायचा. संध्याकाळी मी असताना करू."

आता तुम्हीच सांगा, पिंप समोर आहे, मशीन चालू आहे, पंखा बंद आहे, आणि हात स्टीलवर चालणारा आहे! पाच मिनिटांचं काम. सलीमभाई परत येतील तेव्हा नुसतं दाखवायचं. मी मास्क ओढला आणि बटण दाबलं.

करंट फाटकाच्या पाइपांचाच होता, तो कमी करायचा असतो, हे मला माहीत होतं. आठवलं मात्र नाही! केसाएवढ्या चिरेचं डोळ्यांदेखत शेंगदाण्याएवढं भोक झालं. ते बुजवायला तार घातली, तर कडा वितळून रुपयाएवढं झालं. म्हटलं, कड धरून गोलगोल भरत येऊ. गोलगोल गेलो, आणि भोकही माझ्याबरोबर गोलगोल आलं. शेवटी मास्क वर केला तेव्हा पिंपाला पाणीपुरीच्या पुरीएवढं भगदाड होतं आणि नावातला 'आईकडून' हा शब्द जागेवर नव्हता.

सलीमभाई आले. आधी पिंपाकडे पाहिलं, मग मशीनच्या काट्याकडे. स्टूल ओढून बसले.

"भाभींना तुम्ही सांगायचं," ते म्हणाले. "मी नाय."

फोन केला. सुमन रिक्षाने आली. मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल, आणि तो झाला असता तर मी सुटलो असतो. तिने नुसतं त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "तेवढंच तर लिहिलेलं होतं," म्हणाली. इथे मला काही विनोद सुचत नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनी कितीदा झापलं, पण असं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं.

"भाभी, पॅच बसंल," सलीमभाई हलकेच म्हणाले. "फक्त पत्रा असाच पायजे. पातळ, जुना, चांगल्या स्टीलचा."

सुमन एकदम उठली, घरी गेली आणि अर्ध्या तासात परत आली. पिशवीतून तिने काढलं माझं ताट! माझं रोजचं जेवणाचं ताट! मधोमध कोरलेलं: 'श्री. वसंतराव यांस दिवाळसणाची भेट'.

"हेही आईनंच दिलंय," ती म्हणाली. "कापा."

"अगं, पण मी जेवू कशात?" माझ्या तोंडून निघून गेलं. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जाऊन ग्राइंडरजवळ उभा राहिलो.

सलीमभाईंनी नाव अजिबात न तोडता ताटाचा चौकोन कापला, पाइपवर दाबून त्याला पिंपाची गोलाई दिली, करंट कमी केला, आणि टॉर्च माझ्या हातात दिला.

"चार कोपऱ्यांना चार टाके तुम्ही मारा."

"मी? आत्ता? पुन्हा?"

"भोक तुमच्या हातचं आहे ना? मग बुजवायला पण तुमचा हात लागला पायजे. नायतर जन्मभर टॉर्च धरणार नाय तुम्ही." आणि त्यांनी माझं मनगट खालून धरलं.

मी पत्रा भोकावर ठेवला. पहिला टाका. दुसरा. तिसरा. चौथा! सुई एकदाही टेकली नाही! मी मास्क वर केला, तर सलीमभाई मान तिरकी करून पिंपाकडे बघत होते.

"काका, टाके एकदम फस्क्लास. नाव उलटं लागलंय."

"काढू?"

"नका!" दोघंही एकदम ओरडले. आणि त्या दिवसात पहिल्यांदाच सुमन हसली. डोळे पुसत पुसत हसली. पुढची शिलाई सलीमभाईंनी घातली.

आखाजीला पिंप भरलं. सुमनने तीनदा खालून हात फिरवून पाहिला, तिन्ही वेळा कोरडा. पहिला पेला तिने आईच्या नावाने ठेवला, दुसरा मला दिला. सलीमभाई तिसऱ्याला हजर होते. त्या दोघांनी मला त्या शुक्रवारी हाकललं असतं तरी चाललं असतं. एकाने मनगट धरलं, दुसरीने ताट दिलं. त्यांचे उपकार मी ह्या जन्मी तरी विसरणार नाही. (नवं ताट आणायचं नाही, असा मात्र घरात ठराव झालाय. बाकीची ताटं पाहुण्यांची आहेत.)

परवा भर दुपारी एक कुरियरवाला फाटकाशी थांबला. दोन पेले पाणी प्यायला, मान वाकडी करून उलटं नाव वाचलं आणि टोपी काढून हळूच सुमनला विचारलं, "काकू, वसंतरावांच्या नावानं ठेवलंय का पाणी? कधी गेले?"

"गेले नाहीत हो," सुमन म्हणाली. "आत आहेत. परातीत जेवतायत."