सोडदोरी

परवा नागपूरच्या इतवारी बाजारात एका दोरांच्या दुकानापुढं अंबाडीचा ओलसर वास आला आणि माझी मूठ आपोआप आवळली. लग्नानंतरची पहिली दिवाळी, रामटेकजवळचं सासर, पहाटेचं धुकं, आणि लोंब्यांनी वाकलेल्या धानाच्या बांधीत रानडुकरं शिरलेली! सासूबाईंनी उतावीळ झालेला शिकारी कुत्रा माझ्या हाती दिला. त्याच्या गळपट्ट्यातून दुहेरी ओवलेल्या दोरीला सासूबाई जुन्या शब्दानं सोडदोरी म्हणत; दोन्ही टोकं मुठीत धरायची आणि वेळ आली की एकच सोडायचं. नागपुरात वाढलेल्या मला फक्त पट्टा ठाऊक. मी टोकं मनगटाला गुंडाळू लागले तशा त्या ओरडल्या, "मनगटाले बांधून काहून राहिली वं? वढत नेईन तो तुले! मी म्हणीन तवा सोड." समोर धान सळसळलं. "सोड!" दोरी तळहाताला चटका देत सर्रकन निघाली, कुत्रा सुसाट सुटला, डुकरं बांध ओलांडून पळाली, आणि कालपर्यंत डोक्यावरचा पदर सांभाळणारी मी साडी खोचून चिखलातून ओरडत त्याच्यामागं धावत होते. मागून सासूबाई ओरडल्या, "पळ वं पोरी, पळ!" दुकानदारानं विचारलं, "काय बांधाचं हाये, ताई?" "काहीच नाही," म्हणत मी मूठ उघडली.