खासदाराच्या ताटातले सलगम

अन्सेल विचर मुळात खोगिरं शिवणारा. गावातली निम्मी भांडणं त्याच्या दुकानात बसूनच मिटायची, म्हणून लोकांनी त्याला थेट वॉशिंग्टनला निवडून धाडलं. तिथे तो नेमकं काय करतो, याचं त्याची बायको लोविना हिला कायम कुतूहल. भाषणं तर तो करत नसे. पण दर वसंतात त्याच्या नावाची, सरकारी बियाण्यांची फुकट पाकिटं आयोवातल्या त्याच्या मतदारसंघात घरोघरी पोचत आणि लोक म्हणत, "माणूस काम करतोय हो."

एका निवडणुकीच्या वर्षी पाकिटावर छापला होता कोबी आणि उगवले सलगम. वाफेच्या वाफे सलगम! धान्यवखारीचा मालक प्रुइट त्याच्याविरुद्ध उभा होता. तो सभांमधून विचारू लागला, "ज्याला कोबी ओळखता येत नाही, त्याला कायदे काय कळणार?" अन्सेलची जागा गेली, असंच सगळे धरून चालले.

सुगीनंतर चर्चमध्ये जेवण होतं. आपल्या बागेत जे पिकलं ते शिजवून आणायचं, ही रीत. टेबलाकडे बघून लोविनाने मनात देवाचं नाव घेतलं. कुस्करलेले सलगम, भाजलेले सलगम, डुकराच्या मांसात शिजवलेले सलगम. लहानपणी एक अख्खा हिवाळा अन्सेलने निव्वळ सलगमांवर काढला होता. तेव्हापासून वासानेही त्याला मळमळायचं. हे फक्त तिला ठाऊक. आता हा करतो तरी काय?

प्रुइटने वाडगा पुढे केला. "घ्या खासदारसाहेब, तुमचा कोबी!"

हशा पिकला. पाद्रीबाबा सावरून घेत म्हणाले, "तिकडच्या कारकुनाची चूक असेल."

"पाकिटावर नाव कारकुनाचं नव्हतं, माझं होतं," अन्सेल म्हणाला. "वाढ, प्रुइट. हात आखडू नकोस."

त्याच्या कपाळावर घाम आला, पण ताट त्याने पुसून खाल्लं.

"आपलं केलेलं निमूट खाणारा पुढारी आज पाहिला," हेप्सी मावशी मोठ्याने म्हणाली. "आम्हा बायकांना मत नाही म्हणून वाचलास, प्रुइट. पण थांब, घरी गेल्यावर आमच्या म्हाताऱ्याला बघते!"

बऱ्याच म्हाताऱ्यांना घरी बघितलं गेलं असावं. अन्सेल थोडक्यात निवडून आला.

पण त्याला सलगम फार आवडतात, असा मतदारसंघाचा समज झाला तो कायमचा. जाईल तिथे ताटात तेच. "सांग ना एकदा खरं," लोविना म्हणे. "मग त्या दिवशीचं खाणं नाटक ठरेल," असं म्हणून तो गिळत राही.

पुढे बऱ्याच वर्षांनी तो हरला. आता हा कसा सोसतो, म्हणून लोविना त्याच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात शेजारीण सांत्वनाला आली, हातात सलगमांचा वाडगा. अन्सेलने तिचे मनापासून आभार मानले, दार लावलं आणि वाडगा कुत्र्यापुढे ठेवला.

"लोविना," तो हात पुसत म्हणाला, "घरात कोबी आहे का गं?"