नराच्या फडक्यात गुंडाळलेला टॅब

टॅब बंद पडला तेव्हा मादीच्या अर्ध्या ओळींचे फोटो बाकी होते. काचेवर थर्मामीटरचं चित्र आलं, खाली थोडं इंग्रजी आलं आणि सगळं काळं झालं. कंपनीच्या देशमुख साहेबांनी बटण दाबलं. परत दाबलं. मग माझ्याकडे बघितलं, जसं काही मीच तो विझवला.

मी कपाशीच्या बियाणे प्लॉटवर मुकादम होते. शाळा चौथीपर्यंत. जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीचे प्लॉट आमच्या पिंपळगाव रेणुकाईकडे असायचे. काम असं असतं. एका वावरात दोन वाण लावतात, एक नर आणि एक मादी. मादीच्या कळीतला पराग दुपारनंतर नखाने खरवडून काढायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून तिच्यावर फिरवायचं. याला क्रॉसिंग म्हणतात. हंगाम संपला की मादीच्या झाडावर उरलेली प्रत्येक कळी आणि फूल तोडून टाकायचं, कारण एखादं आपोआप फळलं तर बियाण्यात भेसळ होते.

पूर्वी हे बघायला साहेब वावरात हिंडायचा. मग कंपनीने टॅब आणला. प्रत्येक ओळीचा फोटो, तोही त्याच वावरात उभं राहून. दुसऱ्या फोनवरून काढलेला चालत नसे. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोटो ऑफिसला गेले नाहीत तर प्लॉट फेल होणार होता. फेल म्हणजे बियाणं म्हणून कंपनी घेणार नाही. बाजारात साधा कापूस म्हणून विका.

प्लॉट जमीलाभाभीचा होता. तिचा नवरा जालन्याला लोखंडाच्या मिलमध्ये, शेती सगळी हिच्या अंगावर. तिचा हा पहिलाच प्लॉट. ऑफिस म्हणत होतं, नवीन बाईला नको. मीच म्हटलं होतं, द्या, मी आहे. सगळा हंगाम ती बायकांच्या आधी वावरात यायची आणि मागून जायची.

टॅब का तापला ते सांगते. साहेबांनी निम्मे फोटो काढले, मग लिंबाखाली चहा घेतला. तोवर टॅब त्यांच्या मोटारसायकलच्या टाकीवर होता. काळं कव्हर, काळी टाकी, ऑक्टोबरचं ऊन.

"हीट झालाय फक्त," साहेब म्हणाले. "थंड झाला की चालू होतो. सावलीत ठेवा, मी ऑफिसला फोन लावतो." आणि रेंज शोधत बांधाच्या टोकाला गेले. मी ओळी बघायला वळले.

परत आले तर टॅब दिसेना.

"भाभी, टॅब कुठंय?"

"ठंडा करून राह्यली ना काकू," ती म्हणाली. "पाटीत हाय, माठाजवळ. बराबर ठेवलाय."

आमच्याकडे नराच्या कळ्या सकाळी खुडल्या की ओल्या फडक्यात गुंडाळून पाटीत ठेवतात. तेव्हाच त्या दुपारपर्यंत तग धरतात. उन्हात तापलेली नाजूक वस्तू दिसली की आमच्या हाताला तेवढंच सुचतं. भाभीने टॅबचं कव्हर काढलं, तेच कळ्यांचं फडकं नव्याने माठात बुडवलं, पिळलं आणि टॅब त्यात लहान पोराला गुंडाळावं तसा गुंडाळला. मी सोडवला तेव्हा काचेच्या आतून वाफ धरली होती. चार्जिंगच्या भोकात पाणी आणि पिवळा पराग.

साहेब आले. बघितलं. टोपी काढून जमिनीवर टाकली.

"कोणी केलं हे?"

बायका सगळ्या पायाकडे बघायला लागल्या. भाभी म्हणाली, "म्या केलं साहेब. तुमीच बोल्ले, ठंडा करा."

"थंड म्हणजे आंघोळ घालायची का?"

कोणीतरी हसलं. आमच्यातली गंगू असणार, तिला मयतातही हसू येतं. भाभी मात्र ओठ चावत उभी होती. तिला आता कळलं होतं की आपल्याच फडक्याने आपला प्लॉट हातचा चालला.

साहेबांनी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तो म्हणाला, "बटण दाबू नका. चार्जर लावू नका. ओल्यात करंट गेला तर आतलं जळतं. कोरड्या सुती कापडाने पुसा, भोक खाली करून उभा ठेवा, वारा लागू द्या. झटकू नका, फुंकू नका, उन्हात तर ठेवूच नका. बॅटरी फुगली तर हातही लावू नका."

"किती वेळ?"

"उद्यापर्यंत तरी."

"आज लास्ट डेट आहे रे!"

"मग वरच्या साहेबांना सांगा."

देशमुख साहेबांनी जमिनीवरची टोपी उचलून झटकली. मग म्हणाले, "शेतकऱ्याने भिजवला असं सांगतो. खरंच आहे ते."

"सांगा की," मी म्हटलं. "आणि गाडीच्या टाकीवर कोणी ठेवला, तेबी सांगा. मला इचारलं तर म्या सांगणारच हाय."

"मावशी, तुम्ही माझ्या बाजूने आहात का त्यांच्या?"

"म्या प्लॉटच्या बाजूनं हाय."

त्यांनी फोन लावला. आम्ही ऐकत होतो. "सर, माझ्याकडून उन्हात राहिला. नंतर इथं थंड करताना ओला झाला." तिकडून बरंच ऐकून घेतलं. शेवटी आम्हाला सांगितलं, "उद्या सकाळी सर स्वतः प्लॉट बघायला येणार आहेत."

मग करायला काही नव्हतं. टॅब लिंबाच्या बुंध्याला टेकवून उभा केला आणि आम्ही भोवती बसलो. गंगूने भाकरीचं फडकं सोडलं. साहेबांनी पहिल्यांदाच आमच्यात बसून ठेचा खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी काढलं.

"साहेब हीट झाले," गंगू म्हणाली. "फडकं आणू का?"

भाभीसुद्धा हसली, मग लगेच तोंडाला पदर लावला. ती दुपार मला अजून आठवते. आता गुडघे वावरात जाऊ देत नाहीत. मुलाच्या घरी जालन्यात बसून असते, नखं स्वच्छ असतात. तेव्हा नखं हिरवी असायची आणि सोबत इतक्या बायका असायच्या की कोण कोणाला बोलली ते कळायचं नाही.

सकाळी वरचे साहेब आले. त्यांनी टॅबकडे बघितलंही नाही. सरळ ओळीत शिरले, वाकून पानं उलटी करत निघाले. भाभी मागे, मी तिच्या मागे. विहिरीकडच्या शेवटच्या ओळीत ते थांबले. खालच्या फांद्यांना, पानांआड, उमलून गेलेली गुलाबी फुलं होती. वरून काढलेल्या फोटोत ती दिसली नसती.

"ह्या ओळीतली फुलं कोणी तोडली?"

भाभीने मान खाली घातली. "मीच. अंधार पडल्ता."

"ही उपटून टाका. आत्ता, माझ्यासमोर. बाकीचा प्लॉट पास."

बोंडं धरलेली झाडं एकेक करून भाभीने स्वतः उपटली, मदतीला कोणाला येऊ दिलं नाही. ओळ संपल्यावर बांधावर बसली आणि पाणी मागितलं. तिचं बियाणं त्या वर्षी कंपनीने घेतलं. पुढच्या वर्षी प्लॉट मागायला ती स्वतः ऑफिसात गेली, माझी गरज लागली नाही.

टॅब वाळला, चालू झाला. कॅमेऱ्याच्या काचेत पराग अडकला तो काही निघाला नाही. त्यानंतर त्याने काढलेलं प्रत्येक वावर हळद लावल्यासारखं दिसायचं.

तुमच्या घरात टॅब असेल तर उन्हात ठेवू नका. तापला तर कव्हर काढा, बंद करा आणि नुसता सावलीत पडू द्या. त्याला जगवायला जाऊ नका. ते काही फूल नव्हे.