गहाण घरातला दिवा

कॅम्पातलं चर्च मागं पडलं तरी मालुबाईंचं वळून बघणं थांबेना. शहापूर अजून लांब होतं. थोडं चालायच्या, थबकायच्या, मागं बघून पुन्हा तरातरा निघायच्या.

"कुलूप लावलंय तुम्ही. मी बघितलंय," मी म्हटलं.

"कुलपाचं न्हाय गं आक्का. दुसरं बिऱ्हाडबी सामान बांधाय लागलंय."

मालुबाई विधवा. शहापुरातलं नवऱ्याचं घर, तेवढाच आधार. लढाईत शिपायांची कुटुंबं कॅम्पाभोवती जागा शोधत हिंडू लागली, तेव्हा त्यांनी ते घर नागोजीअण्णांकडे ताब्यासकट गहाण ठेवलं. व्याज नाही, त्याऐवजी पैसे फिटेपर्यंत अण्णांनी तिथं राहायचं. त्या पैशांत कॅम्पाजवळ तीन खोल्या घेतल्या. एकीत स्वतः राहिल्या, दोन भाड्यानं दिल्या. भाडं साठवून पाडव्याच्या मुदतीआधी घर सोडवायचं, असा बेत.

आणि लढाई संपली. लोकांनी पेढे वाटले. मालुबाईंच्या हातातला पेढा तसाच राहिला. पहिलं बिऱ्हाड त्याच आठवड्यात गेलं.

त्यांची चूक झाली ती निराळीच. देवघर घराच्या भिंतीतच होतं. मालुबाईंनी रोज सकाळी येऊन दिवा लावावा, असं अण्णांशी ठरलं होतं. गहाणखत लिहिणाऱ्यानं विचारलं, "हे लिहू का?" मालुबाईंनी कानांवर हात ठेवले. "देवाचं नाव गहाणाच्या कागदात? देवबी गहाण पडतील की!"

अण्णा होते तोवर शब्द चालला. गेल्या महिन्यात ते वारले, आणि काल त्यांच्या सुनेनं मालुबाईंना उंबऱ्यावरच अडवलं.

"मामंजी बोलले असतील. कागदात हाय काय?"

"देवाला भाडं लावतीस व्हय गं?"

"लावीन की! तुमी न्हाय का शिपायांस्नी लावलं?"

त्या बोलण्यानं रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, असं त्या चालता चालता सांगत होत्या. गल्लीच्या कोपऱ्यावर पोचलो. त्याच सुनेच्या मुलीला, सरोजिनीला, मी घरी जाऊन शिकवत असे.

"मी देवांचे टाक ओच्यात घालून आणू का? तुमच्या खोलीत मांडा," मी म्हणाले. माझ्याच्यानं राहवेना.

"नको, नको." मालुबाईंनी माझा हात घट्ट धरला. "देव हलवले म्हंजे घर सोडल्यागत झालं. पाडवा अजून लांब हाय. नवं बिऱ्हाड मिळंल, न्हायतर खोल्या इकीन."

त्यांनी कनवटीतून वळलेली वात काढली, तेलाची इवलीशी बाटली माझ्या पिशवीत सरकवली. नजर त्या दाराकडेच.

"तुला कोण अडवत न्हाय. शिकवायच्या आदी तेवढा दिवा लाव गं. घंटी वाजवू नको. आन् देवास्नी सांग, मालू हितंच कोपऱ्यावर उभी हाय."