उपवासाच्या चार गोळ्या

१. गुरुवारी दुपारी हिराबाई आमच्या आरोग्य केंद्रात गोळ्यांचं पुढचं पाकीट न्यायला आली. (नाव बदललं आहे.)
२. जुनं पाकीट तिने परत दिलं. एकवीस दिवस झाले होते, आणि आत चार गोळ्या उरल्या होत्या.
३. एकही उरायला नको होती.

मैत्रिणींनो, वसतिगृह सोडल्यापासून आपली ही वही टपालाने फिरते आहे. तिच्यात मी हवापाण्यापलीकडे काही लिहीत नाही, अशी तुमची तक्रार असते... आज लिहिते.

सोनईपासून थोडं आत आमचं केंद्र आहे. मी औषधं देते, म्हणून गावाने मला 'कंपौंडरीनबाई' करून टाकलं आहे. दुपारी तपकिरी बाटल्यांतून ऊन टेबलावर येतं, बाहेर लिंबाखाली कुणी पेंगत असतं... आपण काचेच्या आत बसलोय आणि जग सावकाश वाहतंय, असं वाटत राहतं.

त्या तंद्रीतच मी त्या चार गोळ्या पाहिल्या.

हिराबाईला तीन मुलं. शेवटच्या बाळंतपणात इतकं रक्त गेलं की आणखी एक झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तांबी बसवली तर अंगावरून फार जायचं म्हणून काढावी लागली, आणि एवढ्या अशक्तपणात ऑपरेशन करायला डॉक्टर तयार नव्हते... राहिल्या या गोळ्या.

त्या देताना मी सगळं विचारलं होतं. कावीळ झाली होती का, पायाची शीर कधी सुजून दुखली का, डोकं फार दुखतं का, मूल अंगावर पितं का... रक्तदाबही पाहिला. प्रत्येक प्रश्नापुढे खूण केली. गोळ्यांचे धोके कुणाला आणि का, हे मला पाठ आहे. शिवाय पहिल्या दोन पाकिटांत तिचं रक्त जाणं कमी झालं होतं, चेहऱ्यावर थोडी लाली आली होती. मी खूश होते.

गोळ्या का उरल्या, विचारलं. ती अगदी सहज म्हणाली, "उपासाच्या दिशी कशी खायची, बाई? उपास मोडंल की."

तीन शनिवार शनिदेवाचे. चौथी एकादशीची, आणि ती शुक्रवारी आलेली... म्हणजे सलग दोन दिवस गोळी नाही, आणि दिवस राहायला तेवढी चूक पुरते. आधीची पाकिटं रिकामीच होती का, तेही मी कधी उघडून पाहिलं नव्हतं.

पाळी आल्याशिवाय नवं पाकीट द्यायचं नाही, असा नियम. गोळ्या थांबल्या की दोन-चार दिवसांत ती यायला हवी. तिला तसं सांगितलं. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला परत गेली. डोक्यावर टोपलं, आणि रस्त्यावरच्या धुळीत ती हळूहळू विरून गेली...

शुक्रवार, शनिवार, रविवार. मी औषधं मोजून देत होते, पण मन त्या रस्त्यावर होतं. माझ्या यादीत सगळे रोग होते. तिचा आठवडा नव्हता.

सोमवारी सकाळी तिची सासू आली. दारातच उभी राहून मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "कावळा शिवला तिला. आता तुमी ज्येवा, बाई. चार दिस तुमीच उपाशी हायसा, गावात समद्यांना दिसतंय."

म्हणजे पाळी आली होती. मी कपाटातून नवं पाकीट काढलं.

मग उपवासाचं काय करायचं, ते तिलाच विचारलं. म्हातारी हसली. "उपासाला मिश्री चालती, च्या चालतो. मंग औषिधाला काय धाड भरली? तिला म्या सांगते. देवालाबी सांगते."

सुनेसाठी चालत आलेल्या त्या बाईचे मी मनातल्या मनात आभार मानले... तोंडाने मानायला हवे होते.

आता कामाचं. डॉक्टरांपुढे प्रश्नांची नवी यादी ठेवायची आहे. तुमच्याकडे बायका कोणकोणत्या कारणांनी गोळी चुकवतात, ते लिहा. वही फिरून येईपर्यंत थांबू नका. साध्या कार्डावर, या महिन्याच्या पंचवीस तारखेपर्यंत पोचेल असं उत्तर पाठवा.