डावीकडून तिसरी पिन, पण कुठून बघून?

मंडळी, आज सकाळी माझा तोरा उतरला.

आपण हिंगोलीत शेतपंपाचे कंट्रोलर बोर्ड बनवतो. त्यावर प्रोग्राम लिहिणाऱ्यांना एसडीके, म्हणजे तयार कोडचा संच देतो, सोबत मी लिहिलेली जाडजूड माहितीपुस्तिका. चित्र एकही न्हाई. सगळं लिहिलंय की, मग चित्र काहून?

डोंगरकड्याहून सुजाताचा फोन आला. आपल्या बोर्डावर प्रोग्राम लिहिणारी नवी इंजिनिअर, घरूनच काम करते. "काका, तीन दिवस झाले, सेन्सर रीडिंगच देऊन न्हाई राहिला. उद्या गिऱ्हाइकाला दाखवायचंय. मी सोडतेच हे काम."

म्हटलं, "थांब बाई. पुस्तिका मोठ्यानं वाच."

"डावीकडून तिसरी पिन..." ती अडखळली. "बोर्ड कसा धरून, काका?"

तिथंच माझी चूक ध्यानात आली. मी जुना मोटार रिवाइंडिंगवाला, बोर्ड उलटा करून सोल्डरिंगच्या बाजूनं पिना मोजायची सवय. लिहिलंही तसंच; बोर्ड सरळ धरला की डावीकडची पिन उजवीकडे जाते.

कागदावर बोर्ड काढला, पिनांना नावं दिली, फोटो पाठवला. थोड्या वेळानं तिचा फोन, "काका, आकडे येऊन राहिले!" मग हळूच, "मला वाटलं, मीच ढ."

हे ऐकून कसंसंच झालं. आणखी कितीजणांनी स्वतःला ढ ठरवून आपला बोर्ड कपाटात टाकला असेल? कुणी इथं असाल तर बोला. चूक माझी होती, चित्र लगेच पाठवतो.