गोठलेल्या जमिनीचं अर्थिंग

उत्तरा बोकारे मूळची नागपूरची. मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं, म्हणजे ओल्या मातीत वीज नीट मुरते, हे बाळकडू तिला वीज मंडळातल्या वडिलांकडून मिळालेलं. टेक्सासमधल्या शुगर लँडच्या ऑफिसात बरीच वर्षं तिने नुसती ड्रॉइंग्ज काढली. २००५च्या हिवाळ्यात मात्र ती हट्टाला पेटली आणि अलास्कातल्या एका खेड्यात, शाळेच्या नव्या जनरेटरचं काम पदरात पाडून घेतलं. जमलं तर पुढच्या साइट्स मिळणार, फसलं तर पुन्हा तेच टेबल आणि तीच खुर्ची.

तांब्याचा रॉड कसाबसा आत गेला, पण गोठलेली माती वीज घेईना. टेस्टरवरचा रेझिस्टन्सचा आकडा हवा त्याच्या कितीतरी वर. जित्याची खोड! उत्तराबाईंनी शाळेच्या किचनमधून उकळतं पाणी आणून रॉडच्या बुडाशी ओतलं. आकडा झरझर उतरला. तिने तडक शुगर लँडला, बॉसला, परीक्षितला फोन करून काम फत्ते झाल्याचं सांगून टाकलं. जेवून परत येते तर पाण्याचा दगड झालेला आणि आकडा पहिल्यापेक्षाही वर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

टेस्टर बिघडलाय, असं सांगायचा मोह तिला झाला. पण उद्या शॉक बसला असता तो पोरांना. तिने पुन्हा फोन लावला.

"परीक्षित, सकाळचं रीडिंग कॅन्सल कर. मी गरम पाणी ओतलं होतं, म्हणून ते आलं."

परवाच्या इन्स्पेक्शनपर्यंत जमलं नाही तर दुसऱ्या कुणाला पाठवावं लागेल, एवढंच तो म्हणाला.

स्वतःवरच चिडून उत्तरा शाळेमागच्या तळ्याकडे चालत सुटली. तिथे गावकरी बर्फाला भोक पाडून मासे धरत बसलेले. मासे जिवंत, म्हणजे खाली पाणी, आणि पाण्याखाली न गोठलेला चिखल. तिचा चेहरा खुलला. गावकऱ्यांना विचारून तिने बाजूला एक भोक पाडून घेतलं, तांब्याची पट्टी तळाच्या चिखलात सोडली आणि तिची तार जनरेटरपर्यंत ओढली. आकडा उतरला. या वेळी तिने कुणालाही फोन केला नाही. दुसऱ्या सकाळीही आकडा जागचा हलला नव्हता.

इन्स्पेक्शन पास झाल्यावर परीक्षितचाच फोन आला.

"जानेवारीत अजून वर, उत्तरेला एक साइट आहे, एकटीने करायची. तू तो सेकंड कॉल केलास ना, म्हणून तुला विचारतोय."

उत्तरा इतकी हरखली की लगेच हो म्हणून बसली. तिथे थंडी किती, हे विचारायचं तिला फोन ठेवल्यावर सुचलं.